आधी माणसं मोजा, मग जमीन

गेल्या वर्षी भिवंडीतल्या आमच्या कारखान्यातले आठ माग भंगारात गेले. भंगारवाला ट्रक आणि चार माणसं घेऊन आला. गॅसकटरने सांगाडे कापले, लोखंड वेगळं काढलं, बीड वेगळं काढलं, लाकडी धोटे एका गोणीत भरले. काटा लागला, वजन झालं, पैसे मोजून झाले. अब्बांनी पावती घडी घालून खिशात ठेवली आणि रिकाम्या गाळ्याकडे बघत उभे राहिले. दादांच्या काळापासूनची खटखट थांबली होती.

दाराशी एक चाचा उभे होते. उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्यातले. आमच्या मागांवर त्यांनी २२ वर्षं काढली. लहानपणी तुटलेल्या ताराला गाठ कशी मारायची, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. ते अब्बांना म्हणाले, "सेठ, एक चिठ्ठी लिहून द्या. मी इथे बावीस वर्षं काम केलं, एवढंच लिहा. बाकी काही नको."

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. घरातला शिकलेला मुलगा मी. इंजिनिअर. कागदपत्राचं काही असलं की मलाच विचारतात. मी अब्बांना बाजूला घेऊन म्हणालो, "काही लिहून देऊ नका. उद्या ग्रॅच्युइटीचा दावा लावतील. गाळ्याचा व्यवहार अडकेल."

चाचांनी ते ऐकलं. काही बोलले नाहीत. सलाम करून गेले.

हा लेख त्या न दिलेल्या चिठ्ठीबद्दल आहे. ती न देण्यात माझा हात होता, त्यामुळे मी इथे कुणा दुसऱ्याकडे बोट दाखवायला बसलेलो नाही. पण माझं म्हणणं मवाळही नाही. भिवंडीचा पुनर्विकास ज्या पद्धतीने चालला आहे, त्यात जमिनीचा इंच न् इंच मोजला जातो आणि त्या जमिनीवर राबलेल्या माणसाची साधी नोंदही होत नाही. या बेहिशेबात सरकार आहे, बिल्डर आहे, आणि आपणही आहोत. आपण, म्हणजे मागमालकांची पोरं, जमातींचे पदाधिकारी, मोहल्ल्यातले पुढारी आणि 'कौम'च्या नावाने भाषणं करणारे सगळे.

पुनर्विकास हवाच

पहिल्यांदा एक गोष्ट साफ करतो. मला माग वाचवायचे नाहीत. यंत्रमागाच्या कारखान्यावर हळवे लेख लिहिणाऱ्यांनी तिथे एक पाळी काढून बघावी. बारा तास उभं राहायचं, कान बधिर होतील असा आवाज, श्वासात कापसाची धूळ, उन्हाळ्यात पत्र्याखाली भट्टी. साध्या शटलच्या मागावर निघणारं कापड आज रेपिअर आणि एअरजेटच्या कापडापुढे टिकत नाही. सुताचे भाव, विजेचं बिल, नोव्हेंबर २०१६ची नोटाबंदी, जुलै २०१७चा जीएसटी आणि २०२०ची टाळेबंदी. रोखीवर आणि उधारीवर चालणारा हा धंदा एकामागून एक अशा धक्क्यांनी वाकला. एखादं सरकारी पॅकेज आणून तो होता तसा उभा राहणार नाही.

इमारतीही पडायला आल्या आहेत. २१ सप्टेंबर २०२०च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत झोपेतल्या माणसांवर कोसळली. जवळपास चाळीस जण गेले, त्यात लहान मुलं होती. त्यानंतरही जो म्हणेल की भिवंडीत काही पाडू नका, त्याच्याशी मला वाद घालायचा नाही. जुनं पाडलंच पाहिजे, रस्ते रुंद झालेच पाहिजेत, गटारं झाकलीच पाहिजेत. २०११च्या जनगणनेत ७ लाखांहून अधिक लोकसंख्या असलेलं हे शहर माणसांसारखं जगायला मिळावं, ही मागणी सगळ्यात आधी आपली आहे.

प्रश्न एवढाच आहे की पाडण्याआधी काय मोजायचं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. गोदामांत माल कुठे ठेवला, कुठून उचलला, कधी निघाला, हे सांगणाऱ्या प्रणाली आम्ही बनवतो. या कामात पहिल्या दिवशी शिकायला मिळतं ते असं: तक्त्यात ज्याचा रकाना नाही, ती गोष्ट प्रणालीच्या लेखी अस्तित्वातच नसते. ती हरवली तरी कुणाला कळत नाही, कारण ती आहे असं कधी लिहिलेलंच नसतं.

पुनर्विकासाचाही एक तक्ता असतो. त्यात भूखंडाचं क्षेत्रफळ असतं, चटईक्षेत्र असतं, मालकाचं नाव, भाडेकरूचं नाव, रस्त्याची रुंदी, पार्किंगच्या जागा. कामाचा रकाना नसतो. या गाळ्यात किती माग होते, किती माणसं दोन पाळ्यांत राबत होती, किती वर्षं, त्यातली किती तिथेच मागाशेजारी झोपत होती, हे कुठेच लिहिलं जात नाही. मग इमारत पडली की मालकाला दुकान मिळतं, पगडीवाल्याला काहीतरी मिळतं, आणि चाचांना एसटी स्टँडचा रस्ता मिळतो.

गिरणगावात काय झालं

हे सगळं आपल्या शेजारी एकदा घडून गेलं आहे. भिवंडीहून लोकलने दीड तासावर असलेल्या लालबाग-परळमध्ये.

१८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेला असं कधी झालंच नाही. तो विरत गेला आणि गिरण्या एकेक करून बंद पडल्या. मागे राहिली ती साधारण ६०० एकर जमीन, मुंबईच्या ऐन मध्यावर.

१९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत या जमिनीचे तीन वाटे ठरले. एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. कागदावर बरं वाटतं. २००१मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली. इमारती पाडून जी मोकळी होईल ती वाटणीतून सुटली. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? तीन वाटे म्हणता म्हणता शहराच्या हाती तुकडे आले. उच्च न्यायालयाने २००५मध्ये हा अर्थ नाकारला, पण मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम उचलून धरला. तिथे आज मॉल आहेत, काचेचे मनोरे आहेत. एका शब्दाच्या व्याख्येने काय होतं, हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्याने लोअर परळला उतरून पश्चिमेकडे चालत जावं.

पण गिरणगावातल्या कामगाराकडे एक गोष्ट होती. तो हजेरीपटावर होता. त्याला तिकीट नंबर होता. लाल पास होता, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक होता, ईएसआयसीचं कार्ड होतं. दत्ता इस्वलकरांसारख्यांनी बंद गिरण्यांच्या कामगारांना एकत्र आणून वर्षानुवर्षं धरणी, मोर्चे, उपोषणं केली. त्या लढ्याला हातात धरायला हे कागद होते. १ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर जो गिरणीच्या पटावर होता, तो घरासाठी पात्र, ही अट त्यातून आली. दीड लाखाच्या घरात अर्ज आले. पहिली सोडत निघाली २०१२मध्ये, ६,९२५ घरांची. २०२०मध्ये आणखी ३,८९४ घरांची निघाली. बाकीचे आजही वाट पाहत आहेत, आणि त्यांना आता शेलू-वांगणीचा रस्ता दाखवला जातो. कितीजण वाट पाहतच गेले.

म्हणजे नोंद असलेल्यांची ही गत झाली. तीस वर्षांनी, थोड्यांना, लढून. आता ज्यांची नोंदच नाही त्यांचा विचार करा.

आणि गिरणगावाचाही हजेरीपट सगळ्यांना सारखा नव्हता, हे विसरू नका. विणकाम खात्यात पगार जास्त. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून दलित कामगाराला त्या खात्यात घेत नसत. त्याच्या तोंडाचा धोटा इतरांना चालत नसे. त्या खात्यात मराठा विणकर होते आणि आपले मुस्लिम विणकरही होते. 'इस्लाममध्ये शिवाशिव नाही' हे आपण आज अभिमानाने सांगतो. त्या खात्याच्या दारात ते कुणी सांगितलं नाही. १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांनी सगळी खाती दलितांना खुली करा, ही मागणी लावून धरली तेव्हा तो प्रश्न कामगार पुढाऱ्यांना ऐकावा लागला. कोण पटावर, कुठल्या खात्याच्या पटावर, हे पहिल्यापासून सत्तेचं काम आहे. त्या सत्तेत आपला वाटा असला की आपण गप्प बसतो. आजही तसंच आहे.

पट नव्हता, म्हणूनच काम आलं

संपाच्या काळात मुंबईच्या गिरण्यांचं विणकाम कुठे वळलं? भिवंडीकडे. आमच्या दादांनी दोनाचे चार माग केले ते त्याच वर्षांत. घरात ती गोष्ट 'अल्लाहने बरकत दिली' म्हणून सांगतात. बरकतीबद्दल माझी तक्रार नाही. पण काम इथे का आलं, हेही सांगितलं पाहिजे. इथे हजेरीपट नव्हता. पीएफ नव्हता, रजा नव्हती, संघटना नव्हती. पगार मीटरवर, हिशेब पंधरवड्याला. गिरणी कामगार ज्या हक्कांसाठी रस्त्यावर आला होता, ते हक्क जिथे नव्हतेच तिथे काम गेलं.

१९४८च्या फॅक्टरी कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी १० कामगारांची अट होती. म्हणून एकाच छपराखाली चार नावांनी चार कारखाने निघाले. एक अब्बांच्या नावाने, एक चाचांच्या, एक अम्मीच्या, एक अजून शाळेत जाणाऱ्या मुलाच्या. मीटर वेगळे, पाट्या वेगळ्या, माग एकमेकांना खेटून. कायद्याच्या नजरेत तिथे कारखाना नाही. मग कामगारही नाही.

आता याचा परिणाम बघा. औद्योगिक जमीन निवासी किंवा व्यापारी करताना कामगार आयुक्तांचं ना-हरकत पत्र मागायची तरतूद नियमांत आहे. कामगारांची देणी चुकती झाली आहेत ना, हे बघायला. चांगली तरतूद आहे. पण पटावर कामगार शून्य असेल तर देणीही शून्य. म्हणजे ज्या मालकाने प्रामाणिकपणे नोंद ठेवली त्याला अडचण, आणि ज्याने २२ वर्षं एक ओळ लिहिली नाही त्याचा कागद स्वच्छ. आमचा कागद स्वच्छ होता. मला त्याचं त्या दिवशी बरं वाटलं होतं.

झोपडीत राहणाऱ्याला निदान १ जानेवारी २००० ही तारीख तरी माहीत असते; त्याआधीचा पुरावा असला तर तो हक्काने बोलतो. मागाखाली अंथरूण टाकणाऱ्याला छप्पर कुणाचं दाखवता येईल? तो दिवसपाळीत उठला की त्याच जागी रात्रपाळीवाला झोपतो. एका अंथरुणावर दोन माणसं, आणि मतदारयादीत एकही नाही.

मे २०२० आठवा. भिवंडी रोड स्टेशनवरून गोरखपूरला श्रमिक रेल्वे सुटली, आणि तिच्या आधी-नंतर मुंबई-नाशिक महामार्गावरून पायी जाणाऱ्यांची रांग लागली होती. आपल्यातल्या बऱ्याच तरुणांनी तेव्हा जेवणाची पाकिटं वाटली. मीही वाटली. पण ते पायी का निघाले, याचं एक उत्तर आपल्या घरात होतं. शहरात त्यांचं नाव कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिहायचं आपण टाळलं होतं. पाकिटं देणं सोपं होतं.

मशीद राहणार का?

आमच्या मोहल्ल्यात पुनर्विकासावर एक बैठक झाली. बिल्डरचा माणूस आला होता, नकाशा लावला होता, चहा-समोसे होते. दीड-दोनशे पुरुष. बाई एकही नाही.

पहिला प्रश्न आला, मशीद राहणार का? उत्तर आलं, राहणार, वजूखाना मोठा करून देऊ. दुसरा प्रश्न, मदरशाला किती जागा? तिसरा, पार्किंग किती? मग थोडा वेळ चौरस फुटांवर घासाघीस झाली आणि दुआ करून बैठक संपली.

मशिदीबद्दल विचारू नये असं मी म्हणत नाही. या देशात आज ती काळजी वाटायला कारण आहे. १९७० आणि १९८४च्या दंगली या शहराने पाहिल्या आहेत, त्यांची राख अजून आमच्या आजी-आजोबांच्या बोलण्यात असते. पण बैठकीत बसलेल्यांपैकी प्रत्येकाच्या कारखान्यात दहा-बारा माणसं राबत होती. त्याच मशिदीत ती शुक्रवारी शेवटच्या सफीत, पायरीवर, उन्हात नमाज पढतात. मशीद राहणार का, हे विचारलं. त्या शेवटच्या सफीचं काय, हे कुणी विचारलं नाही.

बिल्डरला हे नीट कळतं. एक वजूखाना मोठा करून दिला की हजार कामगारांचा प्रश्न विचारायचा राहून जातो. त्याच्या हिशेबात हा फारच स्वस्त सौदा आहे.

'आपण मुसलमान म्हणून आपल्यावर हे होतंय', हेही त्या बैठकीनंतर ऐकलं. यात खरं आहे तेवढं मी मान्य करतो. बँकेचं कर्ज मिळताना, घर भाड्याने घेताना, पोलीस चौकीत आपलं नाव आडवं येतं. सच्चर समितीने २००६मध्येच दाखवलं होतं की मुस्लिम कामगारांचं स्वयंरोजगारात आणि घरगुती कामात असण्याचं प्रमाण इतरांहून जास्त आहे. म्हणजे पटाबाहेर राहण्याचा फटका आपल्याला अधिक बसतो. पण गिरणगावातला कामगार बहुतांश मराठी हिंदू होता. तो या राज्याच्या राजकारणाचा लाडका होता. त्याच्या नावाने पक्ष उभे राहिले. तरी त्याची जमीन गेली. तेव्हा पाडकाम करणाऱ्याने त्याचा धर्म विचारला नव्हता. आणि भिवंडीत चाचांना चिठ्ठी नाकारणाऱ्याचं आडनाव तर त्यांचंच होतं. अन्सारी म्हणून एकाच सफीत उभं राहायचं आणि हिशेबाच्या वहीत एक सेठ आणि दुसरा कुणीच नाही, याला बिरादरी म्हणत नाहीत.

आणि घरातल्या बायका

आणखी एक रकाना आपणच पुसला आहे. कांड्या भरणं, धागा सोडवणं, ताक्याच्या गाठी काढणं ही कामं घराघरांत बायकांनी केली. माझ्या दादीची बोटं कायम कापलेली असत. या कामाचा मोबदला कधी वेगळा मोजला नाही. माग दादांचे, गाळा दादांचा.

दादा गेल्यावर गाळा अब्बा आणि चाचांच्या नावावर झाला. माझ्या दोन फूफींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. 'भावाशी नातं टिकवायचंय' म्हणून. शरीअतमध्ये मुलीचा वाटा लिहिलेला आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. समान नागरी कायद्याची चर्चा निघाली की तोच वाटा आपण सगळ्या जगाला ऐकवतो. तहसील कार्यालयात मात्र तोच वाटा फूफीच्या सहीने सोडवून घेतो. बिल्डरशी करार झाला तेव्हा फूफींना बातमी लग्नाच्या जेवणात कळली. जे कारखान्यात कामगाराचं झालं, ते घरात बहिणीचं झालं. पद्धत तीच: कागदावर नाव येऊ द्यायचं नाही, मग देण्याचा प्रश्नच उरत नाही.

आक्षेप

हे बोललो की दोन उत्तरं मिळतात.

एक म्हणजे, 'छोटा मागमालक स्वतःच कर्जात आहे, त्याने २० वर्षांची देणी काढली तर तो मरेल.' खरं आहे. आठ मागांचा मालक म्हणजे कुणी मोठा सेठ नाही. सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं, मधल्या मजुरीवर तो जगतो. म्हणून मी म्हणतो की जमिनीतून जो नफा निघणार आहे त्यातून कामगाराचा वाटा काढा. माग विकून कुणी श्रीमंत होत नाही, चटईक्षेत्र विकून होतं. तो नफा बिल्डरचा आहे, जमीनमालकाचा आहे आणि प्रीमियम घेणाऱ्या महापालिकेचा आहे. कामगाराचं नाव यादीत आल्याने मागमालकाचं घर विकायला लागत नाही, एवढी रचना नियमांत करता येते. पण त्यासाठी आधी यादी लागते.

दुसरं, 'ते परप्रांतीय, येतात-जातात, त्यांना इथे घर कशाला?' हे वाक्य एका अन्सारीच्या तोंडून ऐकताना मला हसावं की रडावं कळेना. आपले पणजोबा १८५७नंतर त्याच मुलखातून, करघे बंद पडले म्हणून इथे आले. आपण तीन-चार पिढ्यांत भूमिपुत्र झालो, आणि मागून येणाऱ्याला दार लावतो. २२ वर्षं काम करणारा येणारा-जाणारा असेल, तर ठाण्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये तीन वर्षं राहणारा मी कोण?

बाहेर महामार्गालगतच्या गावांत, माणकोली, पूर्णा, काल्हेर, राहनाळकडे गोदामांची रांग लागली आहे. माग सोडलेले हात आता तिथे खोके उचलतात, ठेकेदाराच्या नावावर. आमच्या प्रणालीत प्रत्येक खोक्याला बारकोड असतो. खोकं हरवलं तर दोन मिनिटांत कळतं. उचलणारा उद्या आला नाही तर ठेकेदार दुसरा पाठवतो. आमच्या पडद्यावर काही बदलत नाही. पट नसलेल्या कारखान्यातून पट नसलेल्या गोदामात, याला शहराचा विकास म्हणायला मी तयार नाही.

मागायचं काय, करायचं काय

सरकारकडे आणि महापालिकेकडे मागण्या थोड्या आणि स्पष्ट असाव्यात. कुठल्याही औद्योगिक गाळ्याला पाडकामाची परवानगी देण्याआधी तिथल्या कामाची जागेवर जाऊन मोजणी करा: माग किती, माणसं किती, पाळ्या किती, घरून कांड्या भरणाऱ्या बायका किती. कामगार आयुक्तांचं पत्र या मोजणीवर द्या, नुसत्या हजेरीपटावर नको. नव्या आराखड्यात कामासाठी जागा राखा. छोटे आधुनिक कारखाने आणि कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या. आणि वारसांची यादी करताना बहिणीची सही फक्त सोडपत्रावर घेऊ नका, करारावरही घ्या.

सरकार करेल तेव्हा करेल. आपलं काम आजपासून सुरू होऊ शकतं, आणि ते आपल्याच पिढीचं आहे, कारण कागद वाचता येणारी, फॉर्म भरता येणारी, अर्ज लिहिता येणारी घरातली पहिली माणसं आपणच आहोत.

पुरावा कुठेच नाही असं नाही. तो आपल्याला दिसत नाही. बिसीवाल्याच्या वहीत प्रत्येक कामगाराचं नाव असतं. किती दिवस जेवला, किती उधार, सगळं. पंधरवड्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या मेहताजींच्या कपाटात असतात. ताक्यांचे हिशेब असतात. गावी पाठवलेल्या पैशांच्या पावत्या असतात. या वह्या रद्दीत जायच्या आत त्यांचे फोटो काढा. कामगारांची ई-श्रम नोंदणी करून द्या. २०२१पासून हे पोर्टल आहे. त्यातून घर मिळणार नाही, पण सरकारी तक्त्यात निदान एक ओळ येते. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की १९६६च्या नगररचना कायद्याखाली हरकती घ्यायला ठरावीक मुदत असते. ती मुदत बहुतेकवेळा आपल्याला संपल्यावर कळते. पाच जणांनी जबाबदारी घ्या, लक्ष ठेवा, सुनावणीला जा आणि कामगाराला बरोबर न्या. मोहल्ल्याच्या पुढच्या बैठकीत मशिदीच्या प्रश्नानंतर चौथा प्रश्न तुम्ही विचारा. विचारणारा एकटा पडेल. तरी विचारा.

मी काय केलं, ते सांगून थांबतो. आठ महिन्यांनी मी ती चिठ्ठी लिहिली. कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत, कुठली पाळी, किती माग, मीटरला काय दर. अब्बा बराच वेळ कागद हातात धरून बसले. मग म्हणाले, "बाविसावं वर्ष पुरं झालं नव्हतं, दोन महिने कमी होते." आणि तरीही बावीस लिहू दिले. सही केली. चाचा आता माणकोलीच्या एका गोदामात रात्रपाळीला असतात. मी चिठ्ठी घेऊन गेलो तेव्हा त्यांनी ती वाचली नाही, कारण त्यांना वाचता येत नाही. मला वाचून दाखवायला सांगितली. मग प्लास्टिकच्या पिशवीत, आधार कार्डाच्या मागे ठेवली.

एका चिठ्ठीने शहर बदलत नाही. पण भिवंडीत माझ्यासारखी, मागाच्या कमाईवर शिकलेली हजारो मुलंमुली आहेत. आपली फी त्या मागांनी भरली. मागावर कोण उभं होतं, हे आपल्या अब्बांना आणि अम्मींना अजून आठवतंय. ती आठवण त्यांच्याबरोबर जायच्या आत आज रात्री त्यांच्याजवळ बसा, आणि नावं लिहून काढा.